गच्चीवरचे पाणी आणि आपले ग्रंथालय : सपाट छपराची निवड कशी करावी?



२०२० सालच्या ऑगस्टमधला तो पाऊस इंदूरकर विसरलेले नसतील. चोवीस तासांत दहा इंचांच्या आसपास पाणी पडले. महामारीमुळे शाळा मार्चपासून बंद होती. वर्ग रिकामे होते आणि गच्चीची किल्ली कार्यालयातल्या खिळ्याला लटकत होती. पाच महिने गच्ची कोणी झाडलेली नव्हती. शेजारच्या पिंपळाची पाने वाऱ्याने येऊन पाणी उतरण्याच्या दोन्ही तोंडांवर बसली होती. कुलूप उघडून आम्ही वर गेलो तेव्हा एका कोपऱ्यात घोट्याच्या वर पाणी साचलेले होते. त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली आपले ग्रंथालय आहे.

दोन कपाटे भिजली. त्यांत जुन्या मराठी मासिकांचे बांधीव अंक होते. आपल्या समाजातील कुटुंबांनी घरची कपाटे रिकामी करताना मोठ्या विश्वासाने ते शाळेला दिले होते. शिक्षकांनी पानापानांत वर्तमानपत्राचे कागद घालून, पंख्याखाली ठेवून शक्य तितके वाचविले. काही अंक मात्र गेले ते गेलेच. ते पुन्हा कोठे विकत मिळणारे नाहीत.

त्यानंतर डागडुजी झाली, पण ओल पूर्ण थांबलेली नाही. येत्या उन्हाळ्यात गच्चीचे काम पक्के करावयाचे मंडळाने ठरविले आहे. रस्त्याकडील दुकानांच्या ओळीचे छप्परही त्यातच आहे. त्या दुकानांच्या भाड्यातून गरजू मुलांची फी भरली जाते, म्हणून तेही आपल्या दृष्टीने शाळेइतकेच महत्त्वाचे. अनेक पालक विचारतात, "सर्वांत चांगले वॉटरप्रूफिंग कोणते?" प्रश्न साधा वाटतो, पण आमच्या मते तो शेवटी विचारावयाचा प्रश्न आहे. त्याआधीचे प्रश्न कोणते, हे समजावे म्हणून हा लेखप्रपंच. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी वही-पेन्सिल जवळ ठेवावी, गणिते सोपी आहेत.

१. पाणी झटकणारे छप्पर आणि पाणी अडविणारे छप्पर

माळव्यातील जुनी घरे कवेलूंची. कौलांचा उतार इतका की पाणी थांबत नाही, एका कौलावरून दुसऱ्यावर घसरत पागोळ्यांतून खाली पडते. कौलांमध्ये फटी असतात, तरी घर गळत नाही, कारण पाण्याला फटीत शिरण्याइतकी सवडच मिळत नाही. अशा छपराला आम्ही 'पाणी झटकणारे छप्पर' म्हणतो.

सिमेंटच्या स्लॅबची गच्ची तशी नाही. तिच्यावरून पाणी हळूहळू सरकते, काही वेळ थांबते आणि थांबले की फट शोधते. तेथे केसाएवढी भेगही पुरते. म्हणून सपाट छपरावर अखंड, बिनफटीचा थर लागतो. हे 'पाणी अडविणारे छप्पर'. दक्षिणेकडील जुन्या माळवदांवर हे काम पांढरी माती करीत असे आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ती माती नव्याने घालून चोपण्याचा रिवाज होता. जुन्या लोकांना हे पक्के ठाऊक होते की सपाट छप्पर एकदा बांधले म्हणजे कायमचे झाले, असे नसते. सिमेंट आले आणि आपण ती गोष्ट विसरलो.

दुकाने, शाळा, रुग्णालये, गोदामे अशा मोठ्या इमारतींची छपरे जगभर बहुधा कमी उताराचीच असतात. एवढ्या रुंद इमारतीवर कौलारू उतार दिला तर छप्परच इमारतीएवढे उंच होईल. अमेरिकेत बारा इंच आडव्या अंतरात तीन इंचांपर्यंत चढ असेल तर त्याला कमी उताराचे छप्पर म्हणतात.

२. पहिला प्रश्न : पाणी कोठे जाते?

सपाट छप्पर म्हणजे अगदी सपाट छप्पर नव्हे. त्याला ढाळ हवाच. आपल्याकडे शंभरास एक असा ढाळ साधारणपणे देतात, म्हणजे शंभर सेंटिमीटर अंतरात एक सेंटिमीटर उतार. अमेरिकेतील नियमांत बहुतेक छपरांना फुटामागे पाव इंच, म्हणजे अठ्ठेचाळीसास एक ढाळ मागतात. तो आपल्या दुप्पट झाला.

आता आपल्या गच्चीचे गणित करू. क्षेत्रफळ ४०० चौरस मीटर धरू. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की ते बरोबर एक लिटर पाणी होते. हे सूत्र पाठ करून ठेवावे, फार उपयोगी आहे. त्या दिवशी सुमारे २५० मिलिमीटर पाऊस झाला. ४०० गुणिले २५० म्हणजे १,००,००० लिटर. पाच हजार लिटरचे वीस टँकर गच्चीवर रिकामे केल्यासारखे झाले. एवढे पाणी खाली नेण्यासाठी आपल्या गच्चीला फक्त दोन पाईप आणि त्या दोन्हींच्या तोंडावर पिंपळाची पाने!

पाणी जेथून पाईपात उतरते त्या खोलगट जागेला येथील मिस्त्री 'खुर्रा' म्हणतात. गच्ची सर्वांत आधी कोठे गळते, तर बहुधा खुर्ऱ्याभोवती. तेथे तीन गोष्टी एकत्र येतात : पाणी सर्वांत जास्त, पाईप आणि काँक्रीट यांचा सांधा, आणि साचणारा कचरा. म्हणून खुर्रा आजूबाजूच्या पातळीपेक्षा खाली हवा, त्यावर जाळी हवी, आणि वरचा पाणीरोधक थर पाईपाच्या तोंडात आतपर्यंत उतरलेला हवा. थर तोंडाच्या काठावरच संपविला तर पाणी त्या काठाखालून शिरते.

आणखी एक लहान पण मोलाची गोष्ट. कठड्याच्या भिंतीत, गच्चीच्या पातळीपासून थोडे वर, एक भोक ठेवावे. पाईप तुंबले तर पाणी त्या भोकातून बाहेर पडेल. रस्त्यावरून कोणालाही ते दिसेल आणि तो शिपाईदादांना हाक मारील. २०२० साली आपल्या कठड्याला असे भोक असते तर ग्रंथालय बहुधा वाचले असते.

३. दुसरा प्रश्न : स्लॅबला किती ओझे झेपते?

येथे आम्हांला एक चूक कबूल करावयाची आहे. २००९ सालच्या उन्हाळ्यात गच्ची गळू लागली. तेव्हा जी समिती नेमली तिच्यात आम्ही शिक्षक म्हणून होतो. तीन कोटेशने आली. त्यांतले सर्वांत कमी रकमेचे आम्ही निवडले. ठेकेदाराने सांगितले, "जुना कोबा फोडायची गरज नाही, त्यावरच नवा घालू." फोडण्याचा खर्च वाचला म्हणून आम्हीही खूश झालो. 'या कोब्याचे वजन किती?' हा प्रश्न आमच्यापैकी कोणीही विचारला नाही.

तो प्रश्न आज सोडवू. वीटबंदी कोबा म्हणजे विटांचे तुकडे सिमेंटच्या चुन्यात बसवून त्यावर घोटलेला थर. त्याचे वजन एका घनमीटरला सुमारे १९०० किलो धरू. म्हणजे एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर जाडीमागे १९ किलो. सरासरी १० सेंटिमीटर जाडीचा कोबा झाला १९० किलो. मूळ बांधकाम करताना अभियंत्याने एक कोबा हिशेबात धरलेला असतो. आम्ही वर दुसरा चढविला, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १९० किलो जादा ओझे कायमचे ठेवून दिले.

तुलनेसाठी एक आकडा पाहा. माणसांची ये-जा असलेल्या सपाट छपरासाठी भारतीय मानक ८७५, भाग २ मध्ये चौरस मीटरला सुमारे १५० किलो इतका चल भार धरावयास सांगितले आहे. माणसे आणि सामान त्यातच बसवायचे. एक सेंटिमीटर पाण्याचे वजन चौरस मीटरला १० किलो होते. त्या दिवशी कोपऱ्यात १५ सेंटिमीटर पाणी होते, म्हणजे १५० किलो. मानकातला सगळा वाटा एकट्या पाण्याने घेतला, आणि आमचा दुसरा कोबा त्याखेरीज. स्लॅब टिकला हे आपले भाग्य आणि मूळ बांधणाऱ्यांची पुण्याई.

म्हणून मंडळाला आमची हात जोडून विनंती आहे की 'जुन्यावर नवे' हा मार्ग आता नको. आधी संरचना अभियंत्याकडून स्लॅबची तपासणी करावी. खालून गिलाव्याचे पोपडे सुटले आहेत का, सळया गंजून फुगल्या आहेत का, हे पाहावे. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. अशा स्लॅबवर कितीही महागडा थर लावला तरी ते दुखणे आतच राहते.

४. तिसरा प्रश्न : ऊन किती?

गच्चीचा शत्रू पाऊस, असे आपण समजतो. खरे तर पाऊस गच्चीचा दोष दाखवितो, आणि तो दोष बहुतेक वेळा उन्हाने निर्माण केलेला असतो.

काँक्रीट तापले की प्रसरण पावते. एक मीटर लांबी, एक अंश सेल्सिअस तापमानवाढ, तर वाढ सुमारे ०.०१ मिलिमीटर. आपली इमारत ३० मीटर लांब आहे. मे महिन्यातील दुपारी उघडा पृष्ठभाग आणि पहाटेचा पृष्ठभाग यांत ४० अंशांचा फरक धरला तर ३० गुणिले ४० गुणिले ०.०१ म्हणजे १२ मिलिमीटर. सगळा स्लॅब पृष्ठभागाइतका तापत नाही आणि तो भिंतींना जखडलेला असतो, म्हणून प्रत्यक्ष हालचाल याहून कमी होते. पण वरचा पातळ थर दररोज हा ताण सोसतो. सिमेंटसारखा कडक थर शेवटी तडकतो. भेगा पडतात त्या उन्हाळ्यात, आणि आपल्याला समजतात जुलैमध्ये.

यातून दोन धडे निघतात. पहिला धडा असा की थर थोडा ताणणारा हवा, किंवा कडक असेल तर त्याचे चौकोन पाडून मध्ये सांधे ठेवायला हवेत. दुसरा धडा, पृष्ठभाग पांढरा ठेवावा. नवा पांढरा लेप सूर्यप्रकाशाचा सुमारे ७० ते ८० टक्के भाग परत पाठवितो. काळे डांबर दहा टक्केही परत पाठवीत नाही. धुळीने पांढरेपणा कमी होतो, म्हणून गच्ची धुवावी लागते. पांढऱ्या छपरामुळे खालचे वर्गही थंड राहतात. अहमदाबादेत २०१७ पासून वस्त्यांमधील छपरे पांढरी करण्याचा उपक्रम सुरू झाला. तेलंगणाने २०२३ साली थंड छपरांचे धोरण जाहीर केले आणि त्यात सरकारी व व्यापारी इमारतींना असे छप्पर बंधनकारक केले. आपल्या वरच्या मजल्यावरील मुले एप्रिलमध्ये घामाने निथळत पेपर लिहितात. त्यांना या धोरणाचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही!

५. आता निवड : बाजारात काय मिळते?

हे तीन प्रश्न सोडविल्यावरच साहित्याकडे वळावे. मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे.

(अ) वीटबंदी कोबा व वर चायना मोझॅक. पश्चिम भारतात रुळलेली पद्धत. ढाळ आणि संरक्षण दोन्ही एकाच थरात मिळतात. वर पांढऱ्या तुकड्यांच्या लाद्या बसविल्या तर ऊनही परतते. चालण्या-फिरण्यास मजबूत. दोष दोन आहेत. एक, वजन. दुसरा, कोबा एकदा पाणी प्याला की ते आत कोठेही फिरते. गळती येथे दिसते आणि भेग दहा फुटांवर असते. काम करणारा मिस्त्री अनुभवी हवा, आणि काम झाल्यावर आठवडाभर तरी पाणी मारायलाच हवे.

(आ) डांबरी मेम्ब्रेन. कारखान्यात तयार झालेली, सुधारित डांबराची तीन-चार मिलिमीटर जाड पट्टी गुंडाळीत येते. गॅसच्या ज्योतीने वितळवून ती चिकटवितात. वजनाने हलकी आणि जाडी सर्वत्र सारखी. पण पट्ट्या एकमेकींवर किमान चार इंच चढल्या पाहिजेत. सगळी मदार या सांध्यांवर असते. उघडी ठेवली तर उन्हाने कडक होते, म्हणून वर खडीचे दाणे किंवा पांढरा लेप हवा. ज्योतीचे काम असल्याने शाळेला सुट्टी असतानाच करावे.

(इ) पातळ लेप. ॲक्रिलिक, सिमेंट-पॉलिमर किंवा पॉलियुरेथेनचे लेप ब्रशने वा रोलरने लावतात. वजन जवळजवळ नाहीच, सांधेही नाहीत, दुरुस्ती सोपी. परंतु सर्व काही खालच्या पृष्ठभागावर अवलंबून असते. धुळीवर लावलेला लेप पापुद्र्यासारखा निघतो. शिवाय ठेकेदार दोन हातांचे पैसे घेऊन एकच हात देतो की काय, हे नंतर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून 'किती हात' असे न लिहिता 'वाळल्यावर किती मिलिमीटर' असे करारात लिहावे. ॲक्रिलिक लेपांना साचलेले पाणी फारसे मानवत नाही. म्हणजे ढाळाचा प्रश्न येथेही सुटत नाही.

(ई) प्लास्टिक किंवा रबराच्या मोठ्या चादरी. परदेशी मॉल, कारखाने आणि गोदामांवर पांढऱ्या टीपीओ, पीव्हीसी किंवा काळ्या ईपीडीएम रबराच्या चादरी अंथरतात. टीपीओ आणि पीव्हीसीचे सांधे गरम हवेने जोडतात. लोखंडी पत्र्यांच्या विस्तीर्ण छपरांना ही पद्धत उत्तम. लहान गच्चीवर, जेथे भिंती, टाक्या आणि पाईप अनेक आहेत तेथे, तरबेज कारागीर असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

(उ) वर पत्र्याचा शेड. "गच्चीवर शेड ठोकून टाका, कटकट मिटेल" हा सल्ला आम्हांला दर पावसाळ्यात मिळतो. त्यात तथ्यही आहे, ऊन आणि पाऊस दोन्ही वरच अडतात. पण वादळात पत्र्याला खालून वर उचलणारा वारा लागतो, त्यासाठी खांब पक्के रोवावे लागतात आणि त्या खांबांची भोके पुन्हा गच्चीतच पडतात. नगर निगमाची परवानगीही पाहावी लागते. आणि वरच्या मजल्यावर वर्ग असताना पत्र्यावरचा पाऊस काय आवाज करतो, हे शिक्षकांना विचारावे.

६. एकच संस्था, दोन छपरे, दोन उत्तरे

शाळेच्या गच्चीवर मुले जातात. पर्जन्यमापक तेथे आहे, डिसेंबरात आकाशदर्शन तेथेच होते. म्हणून पायांना टिकणारा पृष्ठभाग हवा. आमचे मत असे आहे की दोन्ही जुने कोबे काळजीपूर्वक उतरवावेत, स्लॅबची दुरुस्ती करावी आणि एकच नवा कोबा पांढऱ्या मोझॅकसह घालावा. मात्र एक बदल करावा : पाईप दोनऐवजी चार करावेत.

याचा फायदा पाहा. आज पाण्याला जास्तीत जास्त ८ मीटर चालावे लागते. शंभरास एक ढाळाने कोब्याची जाडी खुर्ऱ्याशी ६ सेंटिमीटर असेल तर दूरच्या टोकाला १४ होते, सरासरी १०. पाईप वाढवून अंतर ४ मीटरवर आणले तर जाडी ६ ते १०, सरासरी ८. दोन सेंटिमीटर वाचले, म्हणजे चौरस मीटरला ३८ किलो. ४०० चौरस मीटरला १५,२०० किलो. दोन पाईपांच्या खर्चात स्लॅबवरचे पंधरा टन ओझे उतरले, आणि एक तोंड तुंबले तरी उरलेली तीन चालू राहिली! आमच्या वाचनात आलेल्या सर्व उपायांत हा सर्वांत स्वस्त आहे, आणि त्याची जाहिरात कोणीच करीत नाही.

दुकानांचे छप्पर वेगळे आहे. तेथे मुले जात नाहीत, पण एसीची यंत्रे, डिशच्या छत्र्या आणि जाहिरातीचे फलक आहेत. प्रत्येक भाडेकऱ्याने आपापल्या सोयीने बोल्ट ठोकलेले आहेत. व्यापारी इमारतीचे छप्पर बहुधा पावसाने नव्हे, तर अशा भोकांनी बिघडते. तेथे दाण्यांची डांबरी मेम्ब्रेन व वर पांढरा लेप योग्य वाटतो. यंत्रांसाठी सिमेंटचे ओटे आधीच बांधावेत, त्यांच्या कडांवर मेम्ब्रेन चढवावी आणि भाडेकरारात एक ओळ घालावी : 'संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय छपरात खिळाही ठोकू नये.'

कोणत्याही छपराला आणखी एक नियम लागू आहे. जेथे गच्ची आणि कठडा मिळतात तेथे काटकोन ठेवू नये. कोपरा सिमेंटने गोल करावा, याला 'गोला' म्हणतात. थर त्या गोलावरून भिंतीवर सुमारे सहा इंच चढवून भिंतीतल्या खाचेत बसवावा. काटकोनात वळविलेला थर तेथेच मोडतो.

सौर पॅनेलचा विचारही चालू आहे, त्याचे स्वागतच. पण पॅनेल वीस-पंचवीस वर्षे चालतात. म्हणून आधी छप्पर आणि मग पॅनेल, हा क्रम मोडू नये. उलट केले तर गळती शोधण्यासाठी सगळे पॅनेल उतरवावे लागतील.

अखेरचा निर्णय अर्थातच अभियंत्याच्या अहवालानंतर मंडळाने करावयाचा आहे. आम्ही शिक्षक आहोत, अभियंता नव्हे. पण २००९ साली आम्ही गप्प बसलो, तसे यावेळी बसणार नाही.

७. ठेकेदारास विचारावयाचे प्रश्न

कोटेशन उघडताना रकमेकडे सर्वांत शेवटी पाहावे. आधी हे विचारावे : जुना थर काढणार का? नव्याचे चौरस मीटरला वजन किती? ढाळ किती आणि तो मोजून दाखविणार का? खुर्रा, गोला आणि पाईपाभोवतीचे काम कसे करणार? काम झाल्यावर तोंडे बंद करून दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवून चाचणी देणार का? (ही चाचणी उथळ पाण्याचीच असावी, ओझ्याचे गणित आपण वर पाहिलेच आहे.) हमी कोण देतो, ठेकेदार की साहित्य बनविणारी कंपनी? हमीपत्रात 'साचलेल्या पाण्यामुळे झालेले नुकसान वगळून' अशी ओळ तर नाही ना? अनेकदा असते. ती असेल तर पहिल्याच पानावरची मोठ्या अक्षरांतली दहा वर्षे फारशी कामाची नाहीत.

८. मुलांचा वाटा

छप्पर कितीही चांगले निवडले तरी त्याची निगा दुसरे कोणी राखणार नाही. या वर्षीपासून 'गच्चीची वही' सुरू करीत आहोत. जून ते सप्टेंबर दर शनिवारी नववीची एक तुकडी शिक्षकांसह वर जाईल, तोंडे साफ आहेत का पाहील, पाऊस किती झाला आणि पाणी कोठे साचले याची नोंद करील. पावसानंतर दोन दिवसांनीही जेथे पाणी दिसेल तेथे खडूने वर्तुळ काढावे. मोठ्या सुट्टीत आणि शाळा अचानक बंद राहिली तरीही गच्चीची किल्ली कोणाकडे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले असेल. २०२० साली हेच लिहिलेले नव्हते.

स्वाध्याय

१. तुमच्या घराच्या गच्चीचे क्षेत्रफळ मोजा. ६० मिलिमीटर पाऊस झाला तर किती लिटर पाणी पडेल?

२. पाण्याची पातळी दाखविणारी पारदर्शक नळी वापरून गच्चीच्या दोन टोकांतील उंचीचा फरक मोजा. ढाळ किती येतो? (कठड्याजवळ एकट्याने जाऊ नये. सोबत वडीलधारे असावेत.)

३. समजा, एका लेपाला चौरस मीटरला ३०० रुपये लागतात व तो ३ वर्षे टिकतो. दुसऱ्या कामाला १२०० रुपये लागतात व ते १५ वर्षे टिकते. (आकडे गणितापुरते.) १५ वर्षांत कोणते स्वस्त पडते? दर तीन वर्षांनी गळतीने होणारे नुकसान या हिशेबात कसे धराल?

४. एक मीटर चौरस प्लास्टिकचा कागद गच्चीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा. दुसऱ्या दिवशी खाली दवबिंदू दिसतात का? दिसले तर स्लॅबमध्ये ओल आहे. अशा स्लॅबवर मेम्ब्रेन लावली तर काय होईल, कारणासह लिहा.

५. आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणीच्या घराचे छप्पर कसले होते आणि पावसाळ्याआधी त्याची कोणती कामे करीत? दहा ओळी लिहून आणा. निवडक उत्तरे पुढील अंकात छापू.

शेवटी पालकांना एवढेच सांगणे. छपरासाठी दिलेला पैसा कोणाला दिसत नाही. त्यावर नावाची पाटी लागत नाही, उद्घाटनाची फीतही कापता येत नाही. काम चांगले झाले तर काहीच घडत नाही, ग्रंथालयाची कपाटे कोरडी राहतात, इतकेच. जे अंक वाचले ते आता मधल्या मजल्यावर हलविले आहेत. गच्चीचे काम होऊन एक पूर्ण पावसाळा कोरडा गेला की ते पुन्हा त्यांच्या जागी ठेवू. त्या दिवशी सर्वांनी जरूर यावे.